वरचं पितळ, खालचं पितळ

आमच्या भागातल्या टेकडीवर एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिच्या तोंडाशी काळ्या पाषाणाची तिरपी शिळा पडलेली आहे. लांबी जेमतेम दोन हात, चढ ४० अंशांच्या आसपास, अंग थोडं डावीकडे झुकलेलं आणि माथ्याला चार बोटं उंचीची पायरी. मार्चमधल्या एका रविवारी माझ्या भाच्याने या शिळेवर आपली रिमोटवरची थार पंधरा वेळा चढवली. दोनदा ती वर पोचली. बाकी तेरा वेळा मी खाली उभा राहून झेलत होतो, कारण टपावरचा पितळी कॅरिअर माझ्या वडिलांनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी, हाताने डाग देऊन बनवलेला होता.

तेव्हापासून जूनपर्यंत या एका गाडीच्या मागे आम्ही दोघं लागलो होतो. त्याची ही हकिकत. रेसिंगच्या गाड्यांशी तिचा संबंध नाही. ही ‘क्रॉलर’ जातीची गाडी, माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालणारी, दगडावर चाक ठेवून विचार करत पुढे सरकणारी. दिसायला खऱ्या गाडीसारखी हवी आणि चढायलाही हवी, असे दोन हट्ट एकाच वेळी करायचे म्हणजे हा छंद.

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने बाजारात मिळणारी ३१३ मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) तयार चौकट घेतली. दोन समांतर पोलादी पट्ट्या, मध्ये गिअरबॉक्स, दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, अशी २०१६ साली आलेल्या अ‍ॅक्सिअलच्या एससीएक्स१० टू या प्रसिद्ध गाडीच्या वळणाची मांडणी. हिला सगळे १/१०, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची, म्हणतात. पण १/१० हे या छंदातलं मुंबईच्या ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’सारखं आहे. २०२० च्या थारचा व्हीलबेस २४५० मिमी. दहाने भागलं तर २४५ येतो, आणि चौकट आहे ३१३ ची. एक तर चौकट कापायची, नाही तर थार मोठी करायची.

भाच्याने थार मोठी केली. २४५० ला ३१३ ने भागलं की ७.८ येतात. त्या प्रमाणात थारची १८२० मिमी रुंदी २३३ मिमी होते, आणि चौकटीच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी होती २३५. हे जुळलं तेव्हा पोरगं रात्री साडेअकराला मला फोन करून ओरडत होतं. जुळलंही होतं खरंच सुंदर. घोटाळा पुढच्या आकड्यात होता, त्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. १८४४ मिमी उंची म्हणजे या प्रमाणात २३६. खऱ्या १/१० मध्ये छत १८४ वर आलं असतं. पाच सेंटिमीटर उंच घर बांधलं, पाया तोच.

बॉडी तीन मिमीच्या सनबोर्डची. कडा फेविक्विकने जोडून, आतल्या कोपऱ्यांत एम-सील भरून, वर पुट्टी, घासणी, परत पुट्टी, मग स्प्रेचे पाच हात. आत सीटा, डॅशबोर्ड, दोन माणसं. पुढे-मागे एलईडी. टपावर आजोबांचा कॅरिअर, त्यात डिझेलचे डबे आणि फावडं. मागच्या दारावर स्टेपनी, आणि ती नुसती दिसायला नाही तर खरीखुरी, धातूच्या रिमवर चढवलेला खरा टायर. त्याशिवाय १२० मिमीचे मोठे टायर, ९० ऐवजी १०० मिमीचे शॉक, २५ किलोचा स्टिअरिंग सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि ११.१ व्होल्टची ५००० एमएएचची लिपो बॅटरी, मागच्या ट्रेमध्ये. एकेक गोष्ट घेताना तिच्यापुरती बरोबर होती.

आता निदानाकडे. आमचं पहिलं निदान चुकलं.

दगडावर चढत नाही म्हणजे पकड नाही, पकड नाही म्हणजे टायर. मऊ रबराचा, आत दुहेरी फोम असलेला संच मागवला, साडेचार हजारांना. एप्रिलच्या पहिल्या रविवारी परत तीच शिळा. पंधरापैकी तीन. दोनाची तीन झाली, तीही नशिबाने झाली असेल.

घरी येऊन चहा पिताना मी त्याला विचारलं, ‘‘अरे, त्या दिवशी गाडी घसरून खाली आली असं किती वेळा झालं?’’

तो आठवू लागला. मग म्हणाला, ‘‘मामा, घसरली नाहीच. उलटलीच.’’

नशिबाने मार्चचा व्हिडिओ होता. तो बसून मोजला. तेरा अपयशांपैकी नऊ वेळा पुढची चाकं उचलून गाडी मागे पालथी झाली होती. चार वेळा डाव्या अंगावर कलंडली होती. चाकं जागच्या जागी फिरून गाडी खाली सरकली असं एकदाही घडलं नव्हतं. म्हणजे पकड पुरेशी होती, किंबहुना पकड होती म्हणूनच ती उलटत होती. सुक्या बेसॉल्टचा पृष्ठभाग कानशीसारखा असतो, तिथे बरा टायर सहसा सुटत नाही. टायर पावसाळ्यात, शेवाळ धरल्यावर महत्त्वाचे. साडेचार हजार रुपये आम्ही नसलेल्या रोगावर घातले. वर मऊ टायरची बाजू चढावर दुमडते, त्यामुळे गाडी आणखी कलते, हेही एप्रिलमध्ये दिसलं होतं.

मग मोजायला बसलो. लागलं काय, तर बहिणीचा स्वयंपाकघरातला पाच किलोचा वजनकाटा, रद्दीची पुस्तकं, एक जुनी फळी, ६० नंबरचा पॉलिश पेपर आणि फोनमधलं कोन दाखवणारं अ‍ॅप. पुढची दोन्ही चाकं काट्यावर ठेवायची आणि मागच्या चाकांखाली काट्याच्याच उंचीची पुस्तकांची थप्पी लावायची. थप्पी विसरली तर गाडी तिरकी होते आणि आकडा चुकतो. मग उलटं करून मागची चाकं तोलायची. फळीवर पॉलिश पेपर चिकटवून गाडी आडवी उभी करायची आणि फळी हळूहळू उचलायची. वरच्या बाजूची चाकं सुटतात तो कोन टिपायचा. मग तसंच तोंड वर करून.

एकूण वजन ३४२० ग्रॅम. पुढे १५७०, मागे १८५०. पुढच्या चाकांवर ४६ टक्के. चढणाऱ्या गाडीचं हे साफ उलटं प्रमाण, कारण चढावर वजन आपोआप मागे सरकतं, म्हणून सपाटीवर ते पुढे जास्त असावं लागतं. आडवी गाडी ३३ अंशांना कलंडली. तोंड वर केल्यावर ४२ अंशांना पुढची चाकं उचलली. शिळेचा चढ ४० चा आणि माथ्यावर पायरी. पुढची चाकं पायरीवर चढली की गाडीचा स्वतःचा कोन ५० च्या वर जातो. ती चढणं शक्यच नव्हतं. दोनदा चढली ती भाच्याच्या बोटांची करामत.

याच्यामागचं गणित शाळेतलंच आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आणि मागच्या चाकापासून किती पुढे, या दोन अंतरांच्या गुणोत्तरावर उलटण्याचा कोन ठरतो. मोटर कितीही ताकदीची असो, सावकाश चढताना हा कोन बदलत नाही. बाजूच्या कलंडण्यात आणखी एक भर पडते. फळी ३३ अंशांवर असली तरी मऊ स्प्रिंगांवर बॉडी आणखी आठेक अंश बाहेर झुकलेली असते. जितकं वजन वर, तितका झोल जास्त, आणि जितका झोल जास्त तितकं वजन आणखी बाहेर.

एक गंमत इथे लक्षात आली. लांबी ७.८ पट लहान केली की वजन ७.८ च्या घनाने, म्हणजे सुमारे ४७५ पटींनी कमी व्हायला हवं. दीड ते पावणेदोन टनांची गाडी म्हणजे सुमारे ३.२ ते ३.७ किलो. आमची ३४२० ग्रॅम. एकूण वजन अगदी प्रमाणात होतं! चुकीचं होतं ते वजनाचं ठिकाण. खऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, चॅसी सगळं खाली आणि टप हलका. आमच्याकडे खाली हलकी चौकट आणि वर एम-सील.

बॉडी उतरवून तोलली तर ९८० ग्रॅम. भाच्याचा विश्वास बसेना. तिचा हिशेब असा लागला: कवच ५००, सीटा आणि माणसं ११०, कॅरिअर सामानासकट १६०, स्टेपनी २१०. गाडीचं जवळजवळ २९ टक्के वजन चौकटीच्या वर बसलं होतं, आणि त्यातली स्टेपनी तर मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, दारावर लटकलेली. तिथलं वजन दुहेरी नडतं. ते मागची चाकं दाबतंच, शिवाय पुढची उचलतं.

दुरुस्ती एका वेळी एकच करायची आणि प्रत्येक वेळी फळीवर मोजायचं, असं ठरवलं. भाच्याला हे भयंकर कंटाळवाणं वाटलं. त्याला सगळं एका रात्रीत बदलायचं होतं. पण तसं केलं असतं तर कशाने काय झालं ते कधी कळलं नसतं.

सुरुवात बॅटरी आणि स्टेपनीपासून केली. ३८० ग्रॅमची मागची बॅटरी काढून २२०० एमएएचची, १८५ ग्रॅमची छोटी बॅटरी पुढे, अ‍ॅक्सलच्या जवळ बसवली. स्टेपनीचं धातूचं रिम काढून थ्रीडी प्रिंट केलेलं पोकळ रिम घातलं आणि टायर आतून ब्लेडने तासून पातळ केला. २१० चे ६० ग्रॅम झाले. बाहेरून काही फरक दिसत नाही. एवढ्यावरच तोंड वर करून उलटण्याचा कोन ४२ वरून ४९ वर गेला. आडवा कोन मात्र ३३ चा ३४, कारण वजन पुढे गेलं होतं, खाली फारसं आलं नव्हतं. या फायद्याची किंमतही मोजली. पूर्वी ऐंशीएक मिनिटं चालणारी गाडी आता पस्तीस मिनिटांत थांबते. भाचा दोन बॅटऱ्या खिशात ठेवतो.

मग कवच. आतलं जास्तीचं एम-सील ड्रेमेलने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या घासयंत्राने, खरवडलं, दोन संध्याकाळ, तोंडाला रुमाल बांधून. ७० ग्रॅम धूळ निघाली. सीटवरची माणसं कमरेपासून खाली कापली. काचेतून पाय कोणाला दिसत नाहीत. कॅरिअरवर अडलं.

मी म्हटलं, कॅरिअर काढून ठेवू, घरी कपाटात दिसेल. भाचा काही बोलला नाही. तो आजोबांसमोर बोलणार नव्हता, आणि आजोबा समोरच बसले होते, पेपर वाचत. पेपर खाली न घेता ते म्हणाले, ‘‘डबे काढा. कॅरिअर राहू दे.’’ डबे आणि फावडं काढलं, कॅरिअर राहिला, ९५ ग्रॅमचा. शुद्ध तांत्रिक दृष्टीने हा निर्णय चूक आहे. सगळ्यात उंच जागी ९५ ग्रॅम पितळ ठेवणं कोणत्याही क्रॉलरवाल्याला पटणार नाही. मीच तो मान्य केला, तेव्हा तक्रार नाही. बॉडी ९८० वरून ६२५ वर आली आणि आडवा कोन ३७ झाला.

शॉक परत ९० मिमीचे केले. टायर परत मूळचे ११० मिमीचे, जे चौकटीबरोबर फुकट आले होते. इथे एक समाधान मिळालं. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा व्यास साधारण ७८९ मिमी, त्याला ७.८ ने भागलं की १०१. म्हणजे ११० चे टायर खऱ्याच्या जास्त जवळ होते. १२० चे टायर त्या थारवर ३७ इंची टायर चढवल्यासारखे होते, आणि तशी थार रस्त्यावर पाहिली की आम्हीच हसतो. बॉडी ज्यांवर बसते ते चौकटीवरचे खांबही नऊ मिमीने कापले, चाकांच्या कमानी थोड्या तासाव्या लागल्या. आडवा कोन ४१.

चाकं बाहेर काढून रुंदी वाढवायचा सोपा उपायही होता. चाक ज्यावर बसतं त्या षटकोनी तुकड्याच्या, म्हणजे हेक्सच्या, जागी जाड हेक्स घातलं की काम झालं. तो आम्ही केला नाही. २३३ आणि २३५ जुळलं होतं ना, ते मोडायला भाचा तयार नव्हता. शिवाय चाक बाहेर गेलं की स्टिअरिंगवरचा भार वाढतो.

स्टिअरिंगचं म्हणाल तर मधे एक वेगळंच प्रकरण उपटलं होतं. पुढचं चाक दगडाला टेकलेलं असताना स्टिअरिंग वळवलं की गाडी क्षणभर मेल्यासारखी व्हायची आणि परत जागी व्हायची. आम्ही रिमोटला शिव्या घालत होतो. उलगडा एलईडींनी केला. संध्याकाळच्या अंधारात दिसलं की गाडी मरण्याच्या आधी हेडलाइट मंद होतात. दिवे, रिसीव्हर आणि सर्व्हो तिघांनाही वीज एकाच जागेहून येत होती: मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीच्या आतल्या बीईसी नावाच्या छोट्या भागातून. तो ३ अँपिअरचा. २५ किलोचा सर्व्हो अडकून जोर लावतो तेव्हा त्याहून जास्त ओढतो. व्होल्टेज पडलं की रिसीव्हर बंद होऊन परत सुरू होतो. बुधवार पेठेतून वेगळा बीईसी आणला, थेट बॅटरीवरून जोडला, आणि ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढून टेप लावून बाजूला ठेवली. ती तशीच राहिली तर दोन्ही बीईसी एकमेकांशी भांडतात. अर्ध्या तासाचं काम. मार्चमध्ये मात्र याच खोडीपायी आम्ही नवा रिमोट घ्यायला निघालो होतो.

शेवटचं काम खाली वजन घालण्याचं. वर कितीही कापलं तरी मर्यादा असते. टायरच्या दुकानातून व्हील बॅलन्सिंगच्या शिशाच्या पट्ट्या आणून रिमच्या आत चिकटवण्याचा उपाय अनेक जण करतात, स्वस्त आणि चांगला. आम्ही तेच करणार होतो. पण आजोबांना वजनकाट्याचा खेळ एव्हाना आवडायला लागला होता. त्यांनी पुढच्या चाकाचं रिम मागून घेतलं, व्हर्निअरने आतलं माप घेतलं आणि वहीच्या पानावर आकृती काढली: बाहेरून ४४, आतून ३२, रुंदी २१. पितळेची घनता साडेआठ धरून वजनही काढलं, जवळजवळ १३० ग्रॅम. भोसरीला त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा छोटा वर्कशॉप आहे. टर्नर म्हणून तेहतीस वर्षं काम केलेला माणूस आठ वर्षांनी लेथपाशी उभा राहिला. मी आणि भाचा नुसते बघत होतो. दोन कडी निघाली. काट्यावर एक १३१, दुसरं १२९. ‘‘दुसऱ्याला हात थरथरला जरा,’’ म्हणाले. उरलेल्या तुकड्यातून पुढच्या डिफचं (डिफरन्शिअलचं) झाकणही निघालं, ५० ग्रॅमचं.

चाकातलं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे ते बॉडीबरोबर झुकत नाही. म्हणून ते इतकं कामाचं.

शेवटचे आकडे: एकूण ३१२० ग्रॅम, पुढे १८६०, मागे १२६०. पुढच्या चाकांवर जवळजवळ ६० टक्के. आडवा कोन ४३. तोंड वर करून उलटण्याचा कोन आता मोजताच येत नाही, कारण त्याच्या आधी पॉलिश पेपरवरून चाकं घसरतात. भाच्याला हे अपयश वाटलं. मला तर हवं होतं तेच मिळालं होतं, कारण घसरलेली गाडी पायाशी येते, उलटलेली कॅरिअरवर पडते.

जूनच्या पहिल्या रविवारी, आभाळ भरून आलेलं असताना, परत शिळेवर गेलो. खडूची खूण तिथेच, वाट तीच. पंधरापैकी बारा. तीन अपयशं तिन्ही घसरण्याची, एकही उलटी नाही. म्हणजे आता टायरकडे बघायला हरकत नाही. ते साडेचार हजारांचे माळ्यावर आहेत, पण १२० चे.

सोळावी चढाई करायला नको होती. पुढचं चाक पायरीखालच्या भेगेत अडकलेलं असताना भाच्याने पूर्ण वळवून जोर दिला आणि कट्ट असा आवाज आला. पुढच्या उजव्या चाकाच्या युनिव्हर्सल जॉइंटची पिन तुटली. चाकात जास्तीचे १३० ग्रॅम, आता न लचकणारा सर्व्हो, आणि पूर्वी जो जोर गाडी उलटवण्यात वाया जायचा तो आता थेट पिनेवर. मूळ पिन २ मिमीची आहे.

घरी आल्यावर आजोबांनी तुटलेला तुकडा चष्मा वर करून बघितला, बोटांत फिरवला. ‘‘मऊ आहे,’’ म्हणाले. ‘‘तुटक्या ड्रिल बिटची दांडी मिळते का बघ, दोन मिमीची.’’

बोहरी आळीत मिळाली. बाहेर पाऊस सुरू झाला आहे, आणि शिळेवर एव्हाना शेवाळ धरलं असेल.